बायपोलरमधल्या डिप्रेशनवरच्या औषधचाचण्या: गुण कसे देतात आणि काय मोजायचं राहून जातं

ओंजळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

'बायपोलरच्या डिप्रेशनवर नवीन गोळी आलीय म्हणे, डॉक्टरांना विचारू का?' किंवा 'ट्रायलमध्ये घेतो म्हणतात, पाठवू का?' असे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं ठरवलं. मी नऊ वर्षं अशा चाचण्यांमध्ये रेटर होते. रेटर म्हणजे रुग्णाशी बोलून त्याच्या नैराश्याला गुण देणारी. डोस ठरवणारे डॉक्टर वेगळे, गुण देणारी मी वेगळी. डबीत खरं औषध आहे की प्लासिबो (तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी) हे आम्हा दोघांनाही माहीत नसायचं, आणि रुग्णालाही.

आधी आजाराबद्दल थोडं. बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादाकडे, कधी नैराश्याकडे झुकण्याचा आजार. त्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उन्माद येतो. रात्रभर जागरण, सुसाट बोलणं, पैसे उधळणं. पण या आजारात आयुष्याचे सर्वांत जास्त दिवस जातात ते नैराश्यात. लुईस जड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत रुग्णांची तेरा वर्षांच्या आसपास आठवड्यागणिक नोंद ठेवली. ती २००२ आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. बायपोलर-१ (पूर्ण उन्माद येणारा प्रकार) असलेल्यांचे एकूण आठवड्यांपैकी सुमारे ३२ टक्के आठवडे नैराश्यात गेले, उन्माद-हायपोमेनियात (हायपोमेनिया म्हणजे सौम्य उन्माद) ९ टक्के. बायपोलर-२ मध्ये (उन्माद सौम्यच राहणारा प्रकार) तर नैराश्याचे आठवडे ५० टक्के आणि हायपोमेनियाचे जेमतेम १.३ टक्के. म्हणजे निम्मं आयुष्य.

असं असूनही संशोधन कितीतरी काळ उन्मादाभोवतीच फिरत राहिलं. ते समजण्यासारखं आहे. उन्मादातला माणूस वॉर्डात दाखल असतो, औषध लागू पडलं की नाही ते तीन आठवड्यांत दिसतं. जॉन केड यांनी ऑस्ट्रेलियात लिथियमचा अनुभव छापला तो १९४९ मध्ये, उन्माद असलेल्या दहा रुग्णांवरचा. बायपोलरमधल्या नैराश्यासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) पहिलं औषध मान्य केलं ते २००३ मध्ये, ओलान्झापिन आणि फ्लुऑक्सेटिन यांची जोडगोळी. मध्ये चोपन्न वर्षं गेली. त्यानंतर २००६ मध्ये क्वेटियापिन, २०१३ मध्ये लुरासिडोन, २०१९ मध्ये कॅरिप्राझिन, २०२१ मध्ये ल्युमाटेपेरोन. बायपोलर-२ वाल्यांनी एक लक्षात ठेवा: क्वेटियापिन आणि ल्युमाटेपेरोनच्या मुख्य चाचण्यांत तुमच्यासारखे लोक होते. सगळ्या औषधांच्या बाबतीत तसं नाही.

आता गुणांकडे येते. या चाचण्यांत बहुधा मॅड्रस नावाची पट्टी वापरतात. ती १९७९ ची आहे. दहा बाबी, प्रत्येकीला ० ते ६, एकूण ६०. निम्म्याने उतरले तर 'प्रतिसाद', दहा-बाराच्या खाली आले तर 'लक्षणमुक्ती'. तिच्यात एक अडचण आहे आणि ती मला रोज खुपायची. झोपेची बाब आहे 'झोप कमी होणं' आणि भुकेची आहे 'भूक कमी होणं'. बायपोलरच्या नैराश्यात कितीतरी जण उलट झोपून राहतात, जास्त खातात. चौदा तास झोपणाऱ्या मुलीला त्या बाबीत मी शून्य दिलेला आहे, कारण पट्टीप्रमाणे तिला झोपेचा त्रासच नव्हता. आणि गुंगी आणणाऱ्या औषधाने झोप सुधारली, भूक वाढली की तेवढे गुण आपोआप उतरतात, मन जागचं हललं नसलं तरी.

एक गृहस्थ माझ्या मनातून जात नाहीत. पहिल्या भेटीत ३१ गुण, सहाव्या आठवड्यात १४. आमच्या कागदावर 'प्रतिसाद मिळाला'. मला मनापासून आनंद झाला. बाहेर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "झोपतात आता, जेवतातही. पण फोन वाजला की उलटा करून ठेवतात. कुणाचाच घेत नाहीत." माणसांविषयी काही वाटेनासं झालंय का, अशी एक बाब पट्टीत आहे. त्यावर त्यांनी "थोडं कमी वाटतं" असं सांगितलं होतं आणि मी २ लिहून पुढे गेले होते. दोन आठवड्यांनी त्यांचा चाचणीतला भाग संपला. तो फोन पुढे उचलला गेला का, हे त्या चाचणीच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

मला या धाग्यात तेच बोलायचं आहे. या चाचण्यांनी खरी, उपयोगी औषधं दिली आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण बहुतेक चाचण्या सहा ते आठ आठवडे बघतात आणि रुग्णाला पुढे वर्षानुवर्षं जगायचं असतं. निकाल वाचताना किती दिवस बघितलं आणि कोणाला बघितलं हे आधी शोधा. ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, प्रश्न असतील तर विचारा.

एक विनंती: इथलं वाचून कुणी गोळी स्वतःहून बंद किंवा सुरू करू नका.

---

भिंगरी

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या मोठ्या भावाला बायपोलर-२ आहे. वर जाणं असं फारसं नाहीच, वर्षातले सहा-सात महिने तो खालीच असतो. एका डॉक्टरांनी अँटीडिप्रेसंट (नैराश्यावरची नेहमीची गोळी) दिलं, चार महिने बरे गेले. डॉक्टर बदलले, नवीन डॉक्टरांनी ते बंद केलं, म्हणाले बायपोलरमध्ये हे द्यायचंच नसतं. दोघेही अनुभवी. घरात आम्हाला कळेना की चुकलं कोण. त्याला एका चाचणीबद्दलही विचारणा झाली आहे. त्याबद्दल संमतीपत्र हातात आलं की लिहीन.

---

वाटसरू

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. भिंगरी, तुमच्या दोन डॉक्टरांपैकी कुणालाही चूक म्हणायला मी तयार नाही, कारण पुरावाच तसा आहे. जरा सविस्तर लिहितो.

यावरचा सर्वांत मोठा सरकारी खर्चाने झालेला अभ्यास म्हणजे अमेरिकेतला स्टेप-बीडी. चार हजारांहून जास्त लोक त्यात होते. त्यातल्या ३६६ जणांना मूड स्टॅबिलायझर (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू ठेवून वर अँटीडिप्रेसंट, म्हणजे पॅरोक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन, किंवा प्लासिबो दिलं. २००७ मध्ये निकाल आला. सव्वीस आठवड्यांपर्यंत पाहिलं आणि यश कशाला म्हणायचं तर सलग आठ आठवडे बरं राहणं. ही कसोटी मला फार आवडते, कारण रुग्ण आणि घरचे 'बरं होणं' याचा अर्थ असाच घेतात. अँटीडिप्रेसंटच्या गटात २३.५ टक्के तिथपर्यंत पोचले, प्लासिबोच्या गटात २७.३ टक्के. फायदा नाही. मात्र ज्याची सगळ्यांना भीती असते ते उन्मादाकडे पलटणंही अँटीडिप्रेसंटमुळे वाढलं नाही, अर्थात सगळ्यांच्या अंगात मूड स्टॅबिलायझर होतं.

यावरून 'बायपोलरमध्ये अँटीडिप्रेसंट नकोच' असं अनेकांनी काढलं. पण रोजच्या कामात आम्हाला असे काही रुग्ण भेटतातच ज्यांना ते लागू पडतं आणि बंद केलं की पुन्हा खाली जातात. तुमच्या भावासारखे. या लोकांचं काय करायचं, हा प्रश्न घेऊन कॅनडा, दक्षिण कोरिया आणि भारतात मिळून एक चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. बायपोलर-१ चे १७७ लोक. सगळे असे की नैराश्यातून नुकतेच बाहेर आलेले आणि मूड स्टॅबिलायझरबरोबर एस्सिटॅलोप्रॅम किंवा ब्युप्रोपिऑन घेत असलेले. अर्ध्यांचं अँटीडिप्रेसंट आठ आठवड्यांत काढून टाकलं, अर्ध्यांचं बावन्न आठवडे चालू ठेवलं. वर्षभरात कुठलाही झटका (नैराश्याचा किंवा उन्मादाचा) येण्याचं प्रमाण चालू ठेवलेल्यांत ३१ टक्के, बंद केलेल्यांत ४६ टक्के. नैराश्य परत आलं ते अनुक्रमे १७ आणि ४० टक्क्यांना. उन्माद किंवा हायपोमेनिया १२ आणि ६ टक्क्यांना.

हे आकडे बघून चालू ठेवावंसं वाटतं ना? पण ठरवलेल्या मुख्य निकषावर, म्हणजे कुठलाही झटका यावर, फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. लोक मिळेनात, पैसे संपत आले आणि चाचणी आधीच थांबवावी लागली. त्यात बायपोलर-२ नव्हतं, म्हणजे तुमच्या भावाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

भावाच्या डॉक्टरांकडे जाताना ते 'चार बरे महिने' तारखांसह लिहून न्या. गोळी कधी सुरू झाली, कधी बंद झाली, कितव्या आठवड्यात पुन्हा खाली गेला. माझ्यासमोर असा कागद आला तर मी तो कुठल्याही सरासरीइतकाच गंभीरपणे वाचेन.

---

त्रैराशिक

सांख्यिकी हे माझं काम आहे, म्हणून वाटसरूंच्या शेवटच्या चाचणीवर थोडं. 'कसोटीला उतरला नाही' हे वाचून लोक 'फरक नाही' असं समजतात. त्या चाचणीत झटक्याच्या धोक्याचं गुणोत्तर ०.६८ आलं आणि त्याची मर्यादा ०.४३ ते १.१०. म्हणजे अँटीडिप्रेसंट चालू ठेवल्याने धोका निम्म्याहून कमी होत असेल, किंवा दहा टक्के वाढतही असेल. इतक्या कमी लोकांत यापेक्षा बारीक सांगता येत नाही. नैराश्याचा आणि उन्मादाचा वेगळा हिशोब बोलका आहे, पण तो दुय्यम निकष. मुख्य निकष हुकल्यावर दुय्यम निकषाकडे इशारा म्हणून पाहावं, शिक्कामोर्तब म्हणून नाही.

दुसरं, प्लासिबो. क्वेटियापिनची पहिली मोठी चाचणी, बोल्डर, ५४२ लोकांवर आठ आठवडे झाली. दिवसाला ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम. औषधाच्या दोन्ही गटांत ५८ टक्क्यांच्या आसपास लोकांना प्रतिसाद मिळाला, प्लासिबोत ३६ टक्क्यांना. म्हणजे साधारण पाच जणांना औषध दिलं तर प्लासिबोपेक्षा एक जण जास्त सुधारतो. मनोविकाराच्या औषधांत हा चांगला आकडा आहे. शिवाय ६०० ने ३०० पेक्षा जास्त काही दिलं नाही, ही गोष्ट डोस वाढवण्याच्या वेळी आठवावी अशी.

प्लासिबोतले ३६ टक्के हे सगळे 'गोळीवर विश्वास' म्हणून बरे झाले असं नाही. लोक चाचणीत येतात ते सर्वांत वाईट काळात, आणि सर्वांत वाईट काळानंतर काही प्रमाणात उतार येतोच. दर आठवड्याला कुणीतरी पाऊण तास नीट ऐकून घेतं, हाही उपचारच. आणि प्रवेशासाठी किमान गुणांची अट असते तेव्हा सुरुवातीचे गुण नकळत थोडे वर दिले जातात. ओंजळताई, यात तुमच्यावर आरोप नाही, पण तुम्हाला हे दिसलं असेल.

---

ओंजळ

दिसलं आहे. अट २० ची असेल आणि माणूस १९ वर असेल तर मनात येतंच की याला मदत मिळायला हवी. उदासीच्या बाबीत ३ द्यावेत की ४ अशी शंका असली की हात ४ कडे जातो. म्हणूनच पुढच्या काही चाचण्यांत मुलाखतींचं रेकॉर्डिंग करून दूर बसलेल्या दुसऱ्या रेटरकडून तपासून घ्यायला लागले. मला ते जाचक वाटलं नाही. उलट हायसं वाटलं.

---

अबोल

पहिल्यांदाच लिहितोय. मला बायपोलर आहे, सतरा वर्षं झाली.

ताई, आठ आठवडे कमी पडतात असं तुम्ही लिहिलंय. चाचणी वाचणाऱ्याच्या बाजूने ते बरोबर आहे. पण आतून आठ आठवडे म्हणजे काय असतं ते सांगावंसं वाटलं. मागच्या खेपेला मी रोज सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसायचो आणि मोजे हातात घ्यायचो. एक मोजा चढवला की दुसऱ्यापर्यंत पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. बायको ऑफिसला निघताना बघायची, परत आली तेव्हा एकदा मी एकाच मोज्यावर होतो. अशा माणसाला 'हे औषध सहा आठवड्यांनी लागू पडेल' असं सांगतात तेव्हा त्याला सहा आठवडे ऐकूच येत नाहीत.

माझं लॅमोट्रिजिन नावाच्या गोळीवर चाललं आहे आणि त्यात तर वेळच वेळ. दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, दोन आठवडे ५०, मग १००, मग २००. घाई केली तर अंगावर पुरळ, आणि ते पुरळ क्वचित जिवावर बेतणारं असतं. व्हॅलप्रोएट (एक मूड स्टॅबिलायझर) चालू असेल तर याच्याही निम्म्या गतीने. मध्येच काही दिवस सलग गोळ्या राहिल्या तर पुन्हा २५ पासून. मला एकदा प्रवासात तसं करावं लागलं. पण आता चार वर्षांत मी मोज्यापाशी अडकलेलो नाही. तर या औषधाबद्दल चाचण्या काय म्हणतात? मी शोधलं तर 'परिणाम नाही' असंही सापडतं आणि 'पहिली पसंती' असंही.

---

त्रैराशिक

अबोल, लिहिलंत हे फार बरं केलंत.

लॅमोट्रिजिनची गोष्ट या धाग्याच्या विषयाला नेमकी लागू आहे. १९९९ मधली पहिली चाचणी, १९५ लोकांची, आशादायक होती. नंतर कंपनीने केलेल्या चाचण्या एकेकट्या पाहिल्या तर मुख्य निकषावर प्लासिबोपेक्षा वेगळ्या आल्या नाहीत. २००९ मध्ये गेडिस आणि सहकाऱ्यांनी पाच चाचण्यांतल्या हजारावर लोकांची मूळ माहिती एकत्र केली तेव्हा फायदा दिसला. लहान, पण खरा. आणि तो ज्यांचं नैराश्य जास्त तीव्र होतं त्यांच्यात ठळक होता. तुम्ही दिलेला डोसचा हिशोबच बघा: २०० पर्यंत पोचायलाच सहावा आठवडा लागतो. सात-आठ आठवड्यांच्या चाचणीत हे औषध पूर्ण डोसवर असतं जेमतेम शेवटचे दोन-तीन आठवडे.

२०१६ मध्ये सीक्वेल नावाच्या चाचणीत क्वेटियापिनवर असलेल्या लोकांना जोडीला लॅमोट्रिजिन किंवा प्लासिबो दिलं. २०२ लोक. बारा आठवड्यांना फरक कसोटीच्या अलीकडे राहिला, बावन्न आठवड्यांना मात्र तो कसोटीला उतरला. कुणी बावन्न आठवडे थांबलं म्हणून हे दिसलं. त्याच चाचणीत अनपेक्षित निघालं ते असं की जोडीला फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत लॅमोट्रिजिनचा फायदा दिसेनासा झाला. एका चाचणीवरून नियम करता येत नाही, पण फॉलिक ॲसिड घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

---

पाऊलवाट

वाचतेय. लिथियमचं काय? आमच्याकडे त्याचंच नाव सगळ्यांत जास्त ऐकलंय. आणि लवकर गुण देणारं काहीच नाही का?

---

वाटसरू

लिथियम झटके परत येऊ न देण्यात अजूनही पहिल्या रांगेत आहे. २०१० च्या बॅलन्स चाचणीत ३३० लोकांत लिथियम किंवा लिथियम-व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांना नुसत्या व्हॅलप्रोएटपेक्षा कमी झटके आले. चालू नैराश्य उतरवण्यात मात्र त्याचा पुरावा कच्चा आहे. एम्बोल्डन चाचणीत क्वेटियापिन प्लासिबोला भारी ठरलं, लिथियम नाही. तिथे रक्तातली सरासरी पातळी ०.६ च्या आसपासच होती, त्यामुळे लिथियमला पूर्ण ताकदीने उतरवलंच नाही असा आक्षेप आहे आणि मला तो रास्त वाटतो. लिथियमने आत्महत्या कमी होतात असं जुन्या चाचण्या एकत्र केल्यावर दिसतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ५१९ माजी सैनिकांवरच्या चाचणीत मात्र फरक आला नाही. मी स्वतः आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णात लिथियमचा विचार अजून करतो.

लवकर गुण म्हटलं तर केटामिन. २०१० मध्ये १८ लोकांवर छोटी चाचणी झाली, सगळे लिथियम किंवा व्हॅलप्रोएटवर, आधीच्या औषधांना दाद न देणारे. शिरेतून ४० मिनिटांत औषध, आणि त्याच तासात फरक. अबोल, तुम्ही मोज्याचं लिहिलंत त्या अवस्थेत ही गोष्ट केवढी मोठी आहे याची मला कल्पना आहे. पण परिणाम काही दिवसच टिकला. शिवाय केटामिन मिळालं की अंग अधांतरी झाल्यासारखं वाटतं, त्यामुळे आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला कळतंच. प्लासिबोशी तुलना तिथे लंगडी पडते.

ईसीटीबद्दल (भूल देऊन मेंदूला दिला जाणारा विजेचा उपचार, 'शॉक') लोक घाबरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. नॉर्वेत औषधांना दाद न देणाऱ्या बायपोलर नैराश्यात ईसीटी विरुद्ध पद्धतशीर औषधोपचार अशी तुलना झाली, २०१५ मध्ये निकाल आला. प्रतिसाद ७४ टक्के विरुद्ध ३५ टक्के. पूर्ण लक्षणमुक्ती मात्र दोन्हीकडे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास.

आणि साधीशी गोष्ट: प्रकाश. २०१८ च्या एका चाचणीत ४६ लोकांना रोज दुपारी ७००० लक्सच्या दिव्यापुढे किंवा मंद लाल दिव्यापुढे बसवलं. सहा आठवड्यांनी लक्षणमुक्ती ६८ टक्के विरुद्ध २२ टक्के. दुपार मुद्दाम निवडली होती, कारण आधीच्या छोट्या अनुभवात सकाळच्या उजेडाने काही जणी संमिश्र अवस्थेत (नैराश्य आणि उन्माद एकाच वेळी) गेल्या होत्या. चाचणी लहान आहे आणि सगळे उन्मादविरोधी औषधावर होते, तेव्हा घरी दिवा आणून प्रयोग नको.

---

उंबरठा

गोळ्यांवर इतकं बोलणं झालं, बोलण्यातून होणाऱ्या उपचारांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मुलाचं गेली अकरा वर्षं करतेय.

स्टेप-बीडीमध्येच दुसरी चाचणी होती. नैराश्यातल्या २९३ लोकांना औषधांच्या जोडीला नऊ महिन्यांत तीस सत्रांपर्यंत मानसोपचार, किंवा तीन सत्रांत आजाराची माहिती. मानसोपचार तीन प्रकारचे होते: घरच्यांना बरोबर घेऊन, विचारांच्या सवयींवर, आणि झोप-जेवण-माणसं यांची वेळ बांधून घेण्याचा. वर्षाअखेर सखोल उपचारातले ६४ टक्के बरे झाले, माहितीवाल्यांतले ५२ टक्के. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, मला ते उशिरा वाचायला मिळालं.

आम्ही वेळ बांधण्याची पद्धत शिकलो. एक तक्ता असतो: उठलो किती वाजता, पहिलं माणूस कोण भेटलं आणि किती वाजता, काम कधी सुरू केलं, जेवण, झोप. मुलगा महिनोन्महिने 'पहिलं माणूस: आई, ११.४०' असं लिहायचा. मी ठरवून आठला त्याच्या खोलीत जाऊन बसायला लागले, काही न बोलता. तक्त्यात ८.०५ दिसायला लागलं. आता तो स्वतः ७ ला उठतो. गोळ्या त्याच आहेत, डोसही तोच.

---

ओंजळ

उंबरठा, 'पहिलं माणूस' ही नोंद आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती. असायला हवी होती.

---

भिंगरी

संमतीपत्र आलं. बावीस पानं. दादाने पहिली तीन वाचली आणि बाजूला ठेवलं. मी पूर्ण वाचलं पण नेमकं काय विचारायचं ते सुचत नाही. मूड स्टॅबिलायझर चालू ठेवून वर नवीन औषध किंवा प्लासिबो, असं आहे. मला भीती अशी की प्लासिबो मिळालं आणि तो आणखी खाली गेला तर?

---

ओंजळ

भीती रास्त आहे. मूड स्टॅबिलायझर चालू राहणार हे चांगलं आहे. काही चाचण्यांत सगळी आधीची औषधं काढून घेतात, ते तुमच्या भावाच्या बाबतीत मला पटलं नसतं.

विचारायचं ते असं. त्याची तब्येत किती बिघडली की त्याला चाचणीतून बाहेर काढून उघड (काय देताहेत ते माहीत असलेले) उपचार सुरू करणार, आणि ते कोण ठरवणार? 'डॉक्टरांच्या मते' एवढंच उत्तर आलं तर आकडा मागा. किती गुण वाढले की, किती दिवसांत. दोन भेटींच्या मध्ये रात्री अकरा वाजता काही झालं तर कोणत्या नंबरवर कोण उचलेल? तो नंबर घरी गेल्यावर एकदा लावून बघा, मी अगदी मनापासून सांगते. आठवा आठवडा संपल्यावर औषध लागू पडलेलं असेल तर ते पुढे मिळणार का, किती दिवस, कुणाच्या खर्चाने? यावर मी रुग्णांना रडताना पाहिलं आहे, कारण त्यांनी आधी विचारलंच नव्हतं आणि नवव्या आठवड्यात ती गोळी बाहेर कुठेच मिळत नव्हती. चाचणी संपल्यावर त्याला काय मिळत होतं हे कळवणार का, तेही विचारा. आणि तो कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतो आणि त्याने त्याच्या नेहमीच्या उपचारावर काही परिणाम होत नाही, हे लिहिलेलं पान शोधा. ते असलंच पाहिजे.

एक गोष्ट चाचणीच्या बाहेरची. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर ते चाचणीच्या लोकांपासून लपवू नका, प्रवेश हुकेल म्हणून तर अजिबात नको. बहुतेक चाचण्या अशा वेळी घेत नाहीत आणि ते रुग्णाच्याच भल्याचं असतं. त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना किंवा तातडीच्या विभागात गाठा, त्याला एकटं सोडू नका.

संमतीपत्र त्यालाच समजलं पाहिजे, सही त्याची आहे. बावीस पानं एका बैठकीत नैराश्यातला माणूस वाचू शकत नाही. रोज तीन पानं वाचा, त्याच्याजवळ बसून, मोठ्याने.

---

अबोल

भिंगरी, मी अशा एका चाचणीत होतो. आठ आठवडे प्लासिबो मिळालं, ते मला नंतर कळलं. त्या वेळी वाईट वाटलं. पण दर आठवड्याला कुणीतरी माझ्या झोपेचे तास विचारून लिहून घेत होतं, लिथियमची पातळी वेळेवर बघितली जात होती, आणि दुसऱ्या महिन्यात खाली जातोय असं दिसल्यावर मला तीन दिवसांत बोलावून घेतलं. परत विचारलं तर जाईन. माझं मत म्हणून लिहितो, तुम्ही दादाच्या तब्येतीने ठरवा.

---

भिंगरी

अपडेट देतेय. सात दिवस रोज तीन पानं वाचली. चौथ्या दिवशी दादाने पहिल्यांदा स्वतःहून पेन्सिल मागितली आणि एका ओळीखाली रेघ मारली: 'अभ्यास संपल्यावर औषध उपलब्ध असेलच असे नाही.' म्हणाला, हे मी विचारणार, तू विचारू नकोस. काल आम्ही गेलो आणि त्याने विचारलं. त्यांनी सांगितलं की आठ आठवड्यांनंतर सहा महिने सगळ्यांना खरं औषध मिळेल, ते दुसऱ्या कागदावर आहे, आणि तो कागद आणून दिला. रात्रीच्या नंबरवर मी फोन लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. वाटसरूंनी सांगितलेला तारखांचा कागदही केला. अँटीडिप्रेसंट बंद झाल्यापासून पाचव्या आठवड्यात तो खाली गेला होता. हे आम्हाला कुणालाच लक्षात आलं नव्हतं, दादालाही नाही.

सही अजून केलेली नाही. तो दुसरा कागदही आधी वाचायचा आहे, नऊ पानांचा. स्क्रीनिंग, म्हणजे चाचणीत घ्यायचं का ते बघणारी तपासणी, मंगळवारी आहे, त्याने पुढे ढकलायला सांगितलं तर ढकलू.

---

ओंजळ

भिंगरी, गेलात तर तो तारखांचा कागद स्क्रीनिंगलाही न्या आणि रेटरसमोर ठेवा. झोपेचं विचारतील तेव्हा दादाला सांगा की कमी झोपेबरोबर जास्त झोपेचंही सांग, विचारलं नाही तरी. आणि मुलाखत संपल्यावर तुम्हीही आत जा. घरच्यांकडून ऐकायला वेळ द्या असं सांगा. मला त्या गृहस्थांच्या पत्नी बाहेरच्या बाकावर भेटल्या, गुण लिहून झाल्यावर.